पावडरपासून पॅनेलपर्यंत: पिगमेंट बारीक कसं करायचं आणि पेंट नीट कसं मारायचं

पॅनेलवर पेंटचा थर, म्हणजे फिल्म, खराब आली की पहिल्या शिव्या स्प्रे गनला बसतात. मग नोझल बदला, प्रेशर वाढवा, थिनर ओता, अंतर कमी करा, आणि एवढं करून पुन्हा तेच दाणे. बऱ्याचदा दोष डब्यातच तयार झालेला असतो, गन फक्त तो चव्हाट्यावर आणते. म्हणून हे गाईड गनपासून सुरू होत नाही, पावडरपासून सुरू होतं. पेंट किंवा कोटिंगवर प्रोजेक्ट करणारे, लॅबमध्ये नवीन लागलेले, किंवा स्वतःचं पिगमेंट (पेंटला रंग आणि झाकणशक्ती देणारी पावडर) बनवून ते स्प्रे करून बघायचंय असे जे कोण असतील त्यांच्यासाठी लिहितोय. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी मोजायचं आणि ते पास झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, एवढी एक शिस्त पाळली तरी अर्धी डोकेदुखी जाते.

आधी एक हिशोब

एअर स्प्रेचा थेंब साधारण २० ते ६० मायक्रॉनचा असतो, आपण ३० धरू. त्यात १० मायक्रॉनची एक गुठळी आली तर थेंबाच्या घनफळाचा सत्ताविसावा भाग ती एकटीच खाते. आता ओल्या पेंटमध्ये घनफळाने १५ टक्के पिगमेंट आहे असं समजा. सगळं पिगमेंट अशा १० मायक्रॉनच्या गुठळ्यांत अडकलेलं असेल तर एका थेंबाच्या वाट्याला जेमतेम चार गुठळ्या येतात, आणि तेच टायटॅनियम डायऑक्साइड पाव मायक्रॉनपर्यंत नीट सुटलेलं असेल तर त्याच थेंबात अडीच लाखांच्या वर कण बसतात. वजन तेवढंच, पैसे तेवढेच, पण एका पॅनेलवर खालचा काळा पट्टा झाकला जातो आणि दुसऱ्यावर आरपार दिसतो. टायटॅनियम डायऑक्साइड प्रकाश सगळ्यात जोरात विखुरतं ते ०.२ ते ०.३ मायक्रॉनच्या कणाला, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्या मापाला, त्यामुळे त्याहून खूप बारीक करत बसण्यातही काही राम नाही, झाकणशक्ती उलट कमी होते.

डब्यात साका बसण्याचं गणितही इथेच आहे. स्टोक्सच्या नियमाने कण खाली बसायचा वेग व्यासाच्या वर्गावर जातो. पाण्यात टायटॅनियम डायऑक्साइडचा पाव मायक्रॉनचा कण दिवसाला ९ मिलिमीटरच्या आसपास खाली सरकतो, १० मायक्रॉनची तेवढ्याच घनतेची गुठळी १० सेंटिमीटरची बाटली दहा मिनिटांत पार करते. प्रत्यक्ष पेंट पाण्यापेक्षा खूप घट्ट असतं आणि कणांची गर्दीही असते म्हणून आकडे बदलतात, पण १६०० पटींचा फरक काही पुसला जात नाही.

सेफ्टी, आणि हा भाग कृपया उडी मारून जाऊ नका

कोरडी बारीक पावडर हाताळताना एक मास्क आणि स्प्रे करताना दुसरा. धुळीचा साधा मास्क सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही, त्याला ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा रेस्पिरेटर लागतो. टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून वापरायच्या, पेंटच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याला बाहेरून हवा पुरवणारा रेस्पिरेटरच योग्य, कारण आयसोसायनेटचा वास येईपर्यंत मर्यादा कधीच ओलांडलेली असते आणि एकदा दमा जडला की तो माणूस त्या कामातून कायमचा बाद होतो. ॲल्युमिनियमची बारीक पावडर हवेत उडाली तर स्फोट होऊ शकतो, ती कोरडी दळायचा विचारही करू नका. सॉल्व्हंटचं काम असेल तर डबा, मिक्सर, गन, पॅनेल सगळं अर्थिंगला जोडलेलं हवं आणि एक्झॉस्टचा पंखा स्पार्क न होणारा. आणि एअरलेस (हवेशिवाय, नुसत्या प्रेशरने पेंट फेकणाऱ्या) गनच्या तोंडासमोर बोट कधीही आणायचं नाही. तिथे २०० बारच्या घरात प्रेशर असतं, पेंट कातडीच्या आत घुसतं, बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत बोट जायची वेळ आलेली असते, अशा वेळी मलम लावत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा आणि काय घुसलंय ते डॉक्टरला सांगा.

पावडर भिजवणं

पिगमेंटच्या पोत्यात तीन प्रकार एकत्र असतात. सुटे मूळ कण, मग एकमेकांना घट्ट चिकटून वाढलेले ॲग्रिगेट, आणि ते सगळे सैलसर धरून बसलेले ॲग्लोमरेट. आपण ज्याला दळणं म्हणतो त्यात खरं तर ॲग्लोमरेट सोडवायचे असतात, ॲग्रिगेट फोडायला फार ऊर्जा लागते आणि मूळ कण तर सहसा फुटतच नाहीत. म्हणून सप्लायरने दिलेला मूळ कणाचा आकार आधी बघा. ४० मायक्रॉनचं खनिज आणून बीड मिलमध्ये (बारीक गोळ्यांनी दळणाऱ्या यंत्रात) नॅनो होईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही, त्याला आधी वेगळं भरडावं लागतं.

गुठळीच्या आतली हवा बाहेर काढून तिथे द्रव शिरवणं हे पहिलं काम. त्यासाठी क्रम महत्त्वाचा: आधी द्रव, मग डिस्पर्संट (कण सुटे ठेवणारं रसायन) आणि डिफोमर (फेस मोडणारं), ते नीट मिसळल्यावर मग पावडर थोडी थोडी, ढवळत असतानाच, भोवऱ्याच्या कडेला. पावडर आधी आणि द्रव वरून असं केलं तर आत कोरडे गोळे राहतात, वरून ओले दिसतात आणि मग मिलमध्ये तासन् तास फिरतात.

डिस्पर्संट किती? इथे लोक डोळे झाकून पिगमेंटच्या एक टक्का टाकतात आणि पुढे जातात. ते चुकीचंच असेल असं नाही, पण डोस वजनावर ठरत नाही, पृष्ठभागावर ठरतो. पॉलिमरिक डिस्पर्संटसाठी सुरुवातीचा अंदाज म्हणून एका चौरस मीटरला २ मिलिग्रॅम सक्रिय पदार्थ धरा. पावडरचा बीईटी पद्धतीने मोजलेला पृष्ठभाग १० चौरस मीटर प्रति ग्रॅम असेल तर १०० ग्रॅमला १००० चौरस मीटर झाले, म्हणजे २ ग्रॅम सक्रिय, आणि बाटलीतला माल ४० टक्के असेल तर ५ ग्रॅम. मग ३, ४, ५, ६, ७ ग्रॅम अशी शिडी करा, बाकी सगळं सारखं ठेवून प्रत्येकाची व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, काढा. आलेख आधी खाली येतो, तळ गाठतो आणि पुन्हा वर चढायला लागतो किंवा सपाट होतो. तळाच्या किंचित पुढे थांबायचं. जास्त टाकलेलं डिस्पर्संट फुकट जात नाही, फिल्ममध्ये राहून पाण्याला हळवेपणा आणतं, पाण्याच्या पेंटमध्ये फेस वाढवतं. सोडियम पॉलिॲक्रिलेटसारखे विद्युतभारावर चालणारे डिस्पर्संट मात्र याहून बरेच कमी लागतात, त्यांची शिडी ०.२ टक्क्यापासून सुरू करा आणि पीएच ८ ते ९ मध्ये ठेवा. झीटा पोटेन्शियल (कणाभोवतीच्या विद्युतभाराचं माप) मोजायची सोय असेल तर ३० मिलिव्होल्टच्या पलीकडे, धन किंवा ऋण कुठेही, असेल तर बरं समजायचं, पण हे फक्त विद्युतभारावर टिकणाऱ्या सिस्टिमला लागू, पॉलिमरच्या कवचावर टिकणाऱ्याला झीटा कमी आला म्हणून रडू नका.

दळण

हायस्पीड डिस्पर्सर, म्हणजे दातेरी डिस्क जोरात फिरवणारा मिक्सर, जवळपास सगळ्यांकडे असतो आणि जवळपास सगळे तो अर्धवट वापरतात. इथे महत्त्वाचा आहे डिस्कच्या कडेचा वेग, आरपीएम एकट्याने काहीच सांगत नाही. कडेचा वेग म्हणजे पाय (π, ३.१४) गुणिले डिस्कचा व्यास गुणिले सेकंदाला फेरे. ५० मिलिमीटरची डिस्क ३००० आरपीएमवर फिरवली तर कडेचा वेग ७.९ मीटर प्रति सेकंद येतो, आणि चांगल्या डिस्पर्शनला १८ ते २५ लागतो. म्हणजे त्या डिस्कला २० मीटरसाठी मिनिटाला साडेसात हजारांच्या वर फेरे हवेत. तुमचा मोटर तेवढा देत नसेल तर ८० मिलिमीटरची डिस्क लावा, पावणेपाच हजारात काम होतं. प्रबंधात नुसतं ३००० आरपीएमला अर्धा तास असं लिहिलेलं दिसलं की मी तो प्रयोग पुन्हा करताच येणार नाही असं समजतो, कारण डिस्क केवढी होती हेच कळत नाही.

भांडं डिस्कच्या अडीच ते तीनपट रुंद घ्या आणि डिस्क तळापासून अर्धा ते एक व्यास वर ठेवा. बॅच योग्य घट्ट असली की वरून पाहताना मेदूवड्यासारखा आकार फिरताना दिसतो, मधे खळगा, डिस्कची कड थोडीशी डोकावते आणि सगळा माल आत ओढला जाऊन बाहेरून वर येतो. पातळ बॅच नुसती उडते, शिंतोडे मारते आणि त्यात गुठळ्यांवर ताण बसतच नाही, खूप घट्ट बॅच कडेला स्थिर राहते आणि फक्त मधलं फिरतं. पातळ असेल तर पिगमेंट वाढवा, वेग नको. १५ ते २० मिनिटांनंतर डिस्पर्सरचा फायदा फारसा वाढत नाही, फक्त तापमान वाढतं. ५० डिग्रीच्या वर जाऊ देऊ नका, सॉल्व्हंट उडून बॅचचं प्रमाण बदलतं आणि गरम झाल्यामुळे माल पातळ होऊन ताणही कमी होतो.

त्यापुढे बीड मिल. लॅबमध्ये मोठी मिल नसली तरी पेंट शेकर आणि काचेची बरणी चालते: मिलबेस (दळायला घेतलेला पिगमेंटचा घट्ट माल) आणि २ मिलिमीटरच्या काचेच्या गोळ्या वजनाने निम्म्या निम्म्या, बरणी साधारण दोन तृतीयांश भरलेली, वरती रिकामी जागा हवीच नाहीतर गोळ्या हलणारच नाहीत. गोळीचा आकार निवडताना सगळ्यात मोठ्या गुठळीच्या दहापट हा ढोबळ नियम. मात्र गोळीचा व्यास निम्मा केला की तेवढ्याच जागेत आठपट गोळ्या मावतात, धडका तेवढ्या वाढतात, म्हणून डिस्पर्सरवर आधी नीट भरडून घेतलं तर बारीक गोळ्या वापरता येतात आणि वेळ वाचतो. काचेची घनता २.५ च्या आसपास, इट्रियावाल्या झिर्कोनियाची ६, त्यामुळे घट्ट मिलबेसला झिर्कोनिया. आडव्या मिलमध्ये चेंबर ७५ ते ८५ टक्के गोळ्यांनी भरतात.

पॉट मिल म्हणजे फिरणारा बॉल मिल जुना आणि संथ, पण रात्रभर लावून ठेवायला उत्तम. त्याचा क्रिटिकल वेग, म्हणजे गोळे भिंतीला चिकटायला लागतात तो, मिनिटाला ४२.३ भागिले व्यासाचं वर्गमूळ एवढे फेरे, व्यास मीटरमध्ये. २० सेंटिमीटरच्या भांड्याला ९५ फेरे येतात, त्याच्या ६५ ते ७५ टक्क्यांवर म्हणजे ६० ते ७० फेऱ्यांवर चालवा. त्याहून जोरात फिरवलं तर गोळे भिंतीला चिकटून गोल फिरत राहतात आणि आत काहीच दळलं जात नाही, आवाजावरून कळतं, खळखळ बंद होते.

प्लॅनेटरी मिलमध्ये (जिथे भांडं स्वतःभोवती आणि मधल्या अक्षाभोवतीही फिरतं) कोरडं दळणाऱ्यांसाठी एक सूचना. काही मायक्रॉनच्या खाली गेलं की कण पुन्हा एकमेकांना चिकटायला लागतात, भिंतीवर थर बसतो, आणि तुम्ही जेवढं दळता तेवढ्या गुठळ्या वाढतात. तिथून पुढे ओलं दळायचं. आणि भांड्याची झीज मालात उतरते, पांढऱ्या पिगमेंटला स्टीलचं भांडं वापरलंत तर राखाडी छटा कुठून आली हे शोधत बसावं लागतं.

सगळंच दळायचं नसतं हेही सांगून ठेवतो. मोत्याची चमक देणारे अभ्रकाचे पिगमेंट आणि ॲल्युमिनियम फ्लेक मिलमध्ये घातले की पापुद्रे तुटतात आणि चमक कायमची जाते. ते शेवटी, हळू, साध्या पॅडलने मिसळायचे.

बारीक झालं का ते बघणं

हेगमन गेज घ्या. स्टीलचा ठोकळा, त्यात उतरती खाच, एका टोकाला १०० मायक्रॉन खोल आणि दुसऱ्या टोकाला शून्य. हेगमनचा आकडा उलटा चालतो, ० म्हणजे १०० मायक्रॉन आणि ८ म्हणजे शून्य, एका अंकाला साडेबारा मायक्रॉन. खोल टोकाला पेंटचा थेंब थोडा जास्तच टाका, पट्टी उभी धरून एक दोन सेकंदांत एका दमात खाली ओढा आणि लगेच, सॉल्व्हंट उडायच्या आत, २० ते ३० अंशांच्या कोनातून उजेडाकडे धरून बघा. ३ मिलिमीटरच्या पट्ट्यात पाच ते दहा ठिपके दिसायला लागतात ती जागा वाचायची. त्याच्या वर एखाद दुसरा ठिपका असेल तो सोडून द्या. थांबून बघितलं तर पेंट सुकतं आणि आकडा उगाच वाईट येतो.

दळण चालू असताना दहाव्या, विसाव्या, चाळिसाव्या, ऐंशीव्या मिनिटाला नमुना काढून आकडा लिहीत जा. प्राइमरला ४ ते ५ चालतं, चकचकीत टॉपकोटला ७ च्या वर हवं. पण हेगमन सगळ्यात मोठ्या चार गुठळ्या दाखवतो, बाकी नव्याण्णव टक्के माल कसा आहे ते सांगत नाही, आणि १० मायक्रॉनच्या खाली त्याच्यावर फार भरवसा ठेवू नये. त्यापुढे ग्लॉस (चकाकी) आणि टिंट स्ट्रेंथ (रंग देण्याची ताकद) बघा. आपला रंग ठराविक पांढऱ्या बेसमध्ये ठराविक प्रमाणात मिसळायचा, ड्रॉडाऊन (पट्टीने ओढलेला सारख्या जाडीचा थर) काढायचा, आणि दळण्याचा वेळ वाढवून रंग आणखी गडद होतोय का बघायचं. गडद व्हायचा थांबला की दळण झालं.

लेझर डिफ्रॅक्शन (लेझरने कणांचा आकार मोजणारं मशीन) असेल तर डी५० (निम्मा माल ज्याच्या खाली तो आकार) एकटा सांगू नका, डी९० (नव्वद टक्के माल ज्याच्या खाली तो) सोबत द्या, स्प्रेला त्रास देणारे कण शेपटीत असतात. डीएलएसबद्दल (डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग, प्रकाश विखुरण्यावरून कण मोजणं) मला जरा राग आहे. मशीन वाईट नाही, पण लहान कणांच्या बाबतीत त्यात येणारा प्रकाश व्यासाच्या सहाव्या घातावर जातो, एक मोठी गुठळी लाखो लहान कणांना झाकून टाकते, वर नमुना खूप पातळ करावा लागतो आणि पाण्याने पातळ केल्याने डिस्पर्संट सुटून नवीन गुठळ्या होऊ शकतात. म्हणजे आपण पेंट न मोजता पातळ करण्याचा परिणाम मोजत बसतो. शक्य असेल तर त्याच डिस्पर्संटच्या द्रावणाने पातळ करा, आणि एकदा तरी सेमचा (एसईएम, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा) फोटो काढून डोळ्याने बघा.

लेटडाऊन, म्हणजे जिथे चांगलं दळण वाया जातं

मिलबेसमध्ये बाकीचं रेझिन आणि सॉल्व्हंट मिसळताना (यालाच लेटडाऊन म्हणतात) घाई केली की पिगमेंट शॉक होतो. नुसतं सॉल्व्हंट एकदम ओतलं तर कणाभोवतीचं रेझिन ओढून घेतलं जातं आणि कण उघडे पडून चिकटतात. आधी रेझिनचा थोडा भाग, ढवळत ढवळत, मग उरलेलं, सॉल्व्हंट सगळ्यात शेवटी, दोन्हींचं तापमान सारखं असताना. झाल्यावर हेगमन पुन्हा घ्या, आणि रब-आउट करा: ड्रॉडाऊन काढा, अर्धवट सुकल्यावर एका कोपऱ्यात बोटाने गोल घासा, घासलेल्या जागेचा रंग बाजूपेक्षा वेगळा आला म्हणजे फ्लॉक्युलेशन, म्हणजे सुटे कण पुन्हा गोळा होणं, आहे. दोन मिनिटांची टेस्ट आहे, फुकट आहे, आणि पुढे स्प्रेमध्ये कडेला रंग वेगळा आणि मधे वेगळा का येतोय याचं उत्तर आधीच देऊन ठेवते.

गाळणं विसरू नका. स्प्रेला २०० मेशची गाळणी म्हणजे साधारण ७५ मायक्रॉन, प्राइमरला १०० मेशची. गाळणीत काय उरलं ते बघा, फेकू नका: मऊ असेल आणि बोटाने पसरत असेल तर ती न भिजलेली गुठळी, चामडीसारखं असेल तर वाळलेली साय, कडक असेल तर गोळीचा तुकडा.

आता गन

पेंटला थेंबात फोडतो तो हवेचा धक्का, आणि त्याला विरोध करतात पृष्ठताण आणि व्हिस्कॉसिटी. वेबर नंबर म्हणजे हवेच्या धक्क्याचं पृष्ठताणाशी गुणोत्तर, पातळ द्रवाचा थेंब फुटायला तो साधारण १२ च्या वर जावा लागतो. हवा थेंबापेक्षा १०० मीटर प्रति सेकंद जोरात जात असेल आणि पृष्ठताण ३० मिलिन्यूटन प्रति मीटर असेल, जसा बऱ्याच सॉल्व्हंट पेंटचा असतो, तर ३० मायक्रॉनपेक्षा मोठा थेंब टिकत नाही. हवेचा वेग निम्मा केला तर तीच मर्यादा १२० मायक्रॉनवर जाते, चौपट. साध्या पाण्याचा पृष्ठताण ७२, म्हणून तिथे १०० मीटरलाही ७२ मायक्रॉन. पाण्याचं पेंट जाड थेंबाने का पडतं याचं अर्धं कारण हेच. व्हिस्कॉसिटी जास्त असेल तर १२ चा आकडाही वर सरकतो, त्यासाठी ओनेसॉर्ग नंबर बघतात, जर्मनीच्या ओनेसॉर्गने तो १९३६ च्या प्रबंधात मांडला.

व्हिस्कॉसिटी कपने मोजा, म्हणजे तळाला भोक असलेला कप भरून रिकामा व्हायला किती सेकंद लागतात ते. फोर्ड ४ किंवा डिन ४, कुठला ते लिहून ठेवा कारण दोघांचे सेकंद सारखे नसतात, आणि पेंटचं तापमानही लिहा. नेहमीच्या एअर गनला १८ ते २५ सेकंदांपासून सुरुवात करा. थिक्सोट्रॉपिक (ढवळल्यावर पातळ, थांबल्यावर पुन्हा घट्ट होणाऱ्या) पेंटला मात्र कप फसवतो, कपात पेंट शांतपणे गळतं आणि नोझलमध्ये त्याच्यावर हजारो पट ताण येतो, तिथे कोन-प्लेट व्हिस्कोमीटरवर सेकंदाला १०,००० च्या शिअरचा (द्रवाचे थर एकमेकांवरून घसरण्याच्या वेगाचा) आकडा काढलेला बरा.

नोझल: बेसकोट आणि क्लिअरला १.३ ते १.४ मिलिमीटर, प्राइमरला १.७ ते १.८. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी प्रेशर) गनच्या कॅपवर ०.७ बारच्या वर प्रेशर जायला नको, आणि प्रेशर बघायचं ते ट्रिगर ओढलेला असताना, गनच्या दांड्याशी. भिंतीवरचा रेग्युलेटर ३ बार दाखवत असतो आणि लांब बारीक पाइपमधून गनपर्यंत त्यातलं बरंच गायब झालेलं असतं.

पॅनेलवर मारायच्या आधी कागदावर फॅन बघा. गन सरळ धरून क्षणभर ट्रिगर ओढा, उभा लांबट ठसा यायला हवा, वर खाली सारखा. एका बाजूला जड किंवा केळ्यासारखा वाकडा आला तर एअर कॅप अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा मारा. दोषाची बाजू उलटली तर घाण कॅपच्या भोकात आहे, दोष तिथेच राहिला तर नोझल किंवा सुईत. मधे जड आला तर हवा कमी किंवा पेंट घट्ट, मधून तुटून दोन भाग झाले तर फॅनची हवा जास्त किंवा पेंट फार पातळ. ही दोन मिनिटं न घालवता थेट पॅनेल मारणाऱ्यांबद्दल काय बोलायचं.

मग जाडीचा हिशोब आधीच कागदावर करा. गनमधून मिनिटाला १५० मिलिलिटर पेंट निघतं, म्हणजे सेकंदाला अडीच. हाताचा वेग सेकंदाला ५० सेंटिमीटर, फॅन २५ सेंटिमीटर, ५० टक्के ओव्हरलॅप म्हणून प्रत्येक फेरीला साडेबारा सेंटिमीटर पुढे. सेकंदाला ६२५ चौरस सेंटिमीटर झाकले जातात, सगळं पेंट बसलं असतं तर ४० मायक्रॉन ओला थर आला असता, त्यातलं ६० टक्केच पॅनेलवर बसतं म्हणून २४, आणि सॉलिड घनफळाने ४० टक्के म्हणून सुकल्यावर साडेनऊच्या आसपास. ४० मायक्रॉन हवे असतील तर चार कोट. एका कोटात उरकायला जाल तर ओघळ येणारच, कितीही महागडी गन असू दे.

अंतर एचव्हीएलपीला १५ ते २० सेंटिमीटर, साध्या एअर गनला २० ते २५, एअरलेसला ३० च्या आसपास. गन पॅनेलला काटकोनात आणि मनगट न वळवता अख्खा हात चालवायचा, मनगटाने कमान काढली की मधे जाड आणि कडेला कोरडं. ट्रिगर पॅनेलच्या कडेच्या थोडं आधी ओढायचा आणि पलीकडे गेल्यावर सोडायचा. रिसर्चसाठी करत असाल तर हात विसरा, काहीतरी सरकणारा ट्रॅव्हर्स बसवा, नाहीतर तुमच्या दोन फॉर्म्युल्यांमधला फरक हा खरं तर सकाळच्या आणि संध्याकाळच्या हाताचा फरक असतो. पॅनेलचं तापमान दवबिंदूच्या निदान ३ डिग्री वर हवं. ओला थर कॉम्ब गेजने (कंगव्यासारख्या दात्यांच्या पट्टीने) लगेच मोजा, आणि १० टक्के थिनर घातलं असेल तर सॉलिड १.१ ने भागायला विसरू नका.

किती टक्के पेंट खरंच पॅनेलवर बसलं ते काढायचं असेल तर फॉइल वजन करून पॅनेलवर लावा, गनही वजन करा, मारा, गन परत वजन करा, फॉइल सुकवून वजन करा. फॉइलवर वाढलेलं वजन भागिले उडालेल्या पेंटमधल्या सॉलिडचं वजन. छोट्या पॅनेलवर हा आकडा नेहमी कमी येतो कारण कडेबाहेर बरंच जातं, म्हणून तुलना फक्त एकाच मापाच्या पॅनेलांमध्ये करा.

काय दिसलं तर कुठे बघायचं

दाणे दिसले तर आधी गाळून घेतलेल्या त्याच पेंटचा काचेवर ड्रॉडाऊन काढा. ड्रॉडाऊनमध्ये दाणे असतील तर मिलकडे परत जा, नसतील तर गनकडे किंवा बूथमधल्या धुळीकडे. ही एक टेस्ट सगळ्यात जास्त वाद मिटवते. हात फिरवल्यावर खरखरीत पण ड्रॉडाऊन स्वच्छ, तर ड्राय स्प्रे, थेंब वाटेतच सुकतायत: गन जवळ घ्या, हवा कमी करा किंवा हळू उडणारा थिनर घ्या. संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग आला तर थेंब मोठे आहेत किंवा पसरायला वेळ मिळत नाहीये, व्हिस्कॉसिटी आणि हवा दोन्ही तपासा, पण एका वेळी एकच बदला. गोल खळगे पडून खालचं दिसायला लागलं तर तेल किंवा सिलिकॉन, कॉम्प्रेसरच्या हवेतलं तेल बघायला स्वच्छ काचेवर नुसती हवा मारून बघा. पांढुरकी झाक आली तर दमट हवा आणि फार झटपट उडणारा थिनर.

काम झालं की गन लगेच धुवा. अख्खी गन थिनरमध्ये बुडवून ठेवू नका, आतली पॅकिंग सुजतात आणि हवेच्या वाटेत विरघळलेलं पेंट शिरून तिथेच सुकतं. कपातून थिनर मारून काढा, मग नोझल आणि कॅप सोडवून मऊ ब्रशने घासा. कॅपच्या भोकात तार घालायची नाही, भोक जरासं जरी मोठं झालं तरी पुढच्या प्रत्येक पॅनेलवर फॅन वाकडाच येतो.